लिंबाची चौथी ओळ

माझ्याच हाताने लिहिलेलं एक पान मला वाचता येत नव्हतं, आणि त्या पानावर माझी आई होती. मी कोर्टात सव्वीस वर्षं स्टेनो आहे. माझ्या कामाला कुणी नावं ठेवली तर मी त्याच्याशी आठवडाभर बोलत नाही. आता माझ्याशीच बोलायची सोय राहिली नाही.

आमच्या लघुलिपीत अक्षरं नसतात, नुसत्या रेघा आणि वळणं. स्वर बहुतेक गाळायचे, म्हणजे हात बोलणाऱ्याच्या बरोबरीने पळतो. मात्र टिपण त्याच दिवशी टाइप करावं लागतं. बोलणं कानात ताजं असेपर्यंतच रेघा वाचता येतात. महिना-दोन महिने गेले की लिहिणारीलासुद्धा त्या मुंग्यांसारख्या दिसतात. याला आम्ही वही शिळी होणं म्हणतो. नव्या मुलींना हे मी पहिल्याच दिवशी दरडावून सांगते.

आई शिवणकाम करायची. पन्नास वर्षं सुई धरून तिची बोटं इतकी वाकली होती की पेन धरवत नव्हतं. रोज सकाळी गच्चीत कुंड्यांना पाणी घालताना ती देवाशी भांडायची, तेही चार-चार ओळींत. पूजाबिजा तिने कधी केली नाही. देवाला ती थोरल्या दिरासारखं वागवायची, मान राखून पण दोन शब्द सुनावून. एकदा मला म्हणाली, सगळ्या चोरांचं लिहून घेतेस, माझंही घे की. म्हणून कामावर जाण्याआधी मी गच्चीच्या पायरीवर वही घेऊन बसायला लागले. एक कुंडी, एक पान. टाइप रविवारी करू, असं प्रत्येक रविवारी म्हणत राहिले.

मग एका बुधवारी ती उठलीच नाही. अकरा दिवस दवाखान्यात काढले आणि गेली.

महिन्याभराने वही उघडली तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. एकोणचाळीस पानं, आणि एकही धड लागेना. मी रजा टाकली. प्रत्येक कुंडीजवळ जाऊन बसायचं, त्या झाडाकडे बघायचं, पान डोळ्यांसमोर धरायचं. जास्वंदीपाशी बसल्यावर तीन दिवसांनी हे लागलं:

तुझं आभाळ मोठं, देवा,
माझी बादली लहान.
तू ओततोस मोघम सगळं,
मी विचारते कुणाला तहान.

त्या दिवशी मी जास्वंदीला धरून रडले. बघणारा कुणी असता तर त्याने मला वेड्यात काढलं असतं.

अशी अडतीस पानं लावली. राहिलं शेवटचं, मंगळवारचं, पिंपातल्या लिंबाचं. हे झाड नऊ वर्षांचं, आणि अजून एक फळ नाही. तीन ओळी मिळाल्या:

लिंबाला काटे दिलेस, देवा,
लिंबू द्यायचं राहिलं.
तरी मी घालते पाणी रोज,

चौथी काही केल्या लागेना. तिचं शेवटचं बोलणं ते, कारण दवाखान्यात ती बोललीच नाही. देवावर माझा विश्वास नाही, तरी त्या पानापुढे मी हात जोडले. म्हटलं, माझ्यासाठी नको, तिच्यासाठी दे. काही मिळालं नाही.

धाकट्या भावाला आईच्या ओळींची छोटी पुस्तिका करायची होती. रविवारी सगळे नातेवाईक जमणार, त्यामुळे छापखान्याला मजकूर त्याच संध्याकाळपर्यंत हवा होता. तो म्हणाला, एक ओळ तूच घाल, आई काय रागावणार आहे? मी घातलीही होती: ‘तू कधी खाली पाहिलं?’ इतकी चपखल बसली की माझी मलाच लाज वाटली. वहीतल्या रेघा तशा नव्हत्या. कोर्टात प्रत्येक कागदाखाली मी सही करते, की जे बोललं गेलं तेच लिहिलं आहे. परक्यांसाठी सव्वीस वर्षं पाळलं ते आईच्या वेळी मोडायचं? मी ती ओळ खोडली.

शेवटी मला शिकवणाऱ्या मास्तरांना फोन केला. ऐंशीच्या पुढचे, गुडघे गेलेत, खवचटपणा शाबूत आहे. आधी मनसोक्त बोलून घेतलं मला, मग म्हणाले, शिळी वही डोळ्यांनी लागत नाही. त्याच जागी बस, कुणाला तरी तेच बोलायला लाव आणि हाताला लिहू दे. तू मध्ये पडू नकोस.

मी भावाला बादली देऊन लिंबापाशी उभं केलं आणि पायरीवर बसले. त्याने पाणी घालत तीन ओळी म्हटल्या. माझा हात चालला आणि थांबला. त्याने पुन्हा म्हटल्या. पुन्हा तिथेच थांबला. चौथ्या वेळी मी नुसती पेन्सिलीच्या टोकाकडे बघत बसले. पिंप भरून पाणी वाहायला लागलं, तसा तो वळला.

“ताई, ऐकतेस ना?”

सवयीने हाताने तेही टिपलं. मी खाली पाहिलं. नंतर आईच्या पानाकडे पाहिलं. तीच रेघ, तेच वळण. आणि आईची ती ओळ समासाला चिकटून सुरू झाली होती; कोर्टात आम्ही फक्त प्रश्नच असे समासापासून लिहितो. पुढचं सगळं आपोआप वाचता आलं.

‘ऐकतेस ना गं, की नुसती लिहितेस?’

मग आठवलं. ती बादली हातात घेऊन वळली होती आणि माझ्याकडे बघत थांबली होती. मी घड्याळ पाहिलं, पानाखाली नऊ वाजून दहा अशी वेळ टाकली, वही मिटली आणि जिना उतरले. चौथी ओळ तिने मला सांगितलीच नाही. सांगणार होती.

भावाने विचारलं, ओळ मिळाली का? मी म्हटलं, ती ओळ नव्हती, आई मला विचारत होती. त्याने पान हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. त्याला त्यातलं काय कळणार?

“मग तू काय म्हणालीस?”

साक्षीदार गप्प राहिला तरी आम्हाला ते लिहावं लागतं, जागा कोरी सोडता येत नाही. मी वही परत घेतली आणि आईच्या प्रश्नाखाली, कुणालाही वाचता येईल अशा पुऱ्या अक्षरांत लिहिलं: उत्तर नाही.