बदली दूत

पाहुणे गायक तीन आठवडे उशिरा येणार असं पत्र आलं, तेव्हा पहिल्या प्रयोगाला पाच आठवडे उरले होते. दुसऱ्या एका शहरात त्यांचे खेळ वाढले होते. दिग्दर्शकाने ते पत्र सगळ्यांसमोर वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "चला, नवरदेवाशिवाय वरात काढायची आहे."

कंपनी फार मोठी नव्हती. वर्षाला दोन ऑपेरा, तीस-पस्तीस माणसं आणि तालमींसाठी एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याचा हॉल. भिंतींतला गारवा अजून गेला नव्हता. बायका शाल पांघरून गायच्या, पुरुष खिशात हात घालून. जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. लाल म्हणजे किल्ल्याचा दरवाजा, पिवळी म्हणजे जिना, निळी म्हणजे दालनातला बाक.

यंदाचा ऑपेरा प्रेमाचा आणि कटाचा होता. एका किल्ल्याची मालकीण, ऐन तारुण्यात विधवा झालेली, नवऱ्याची मुद्रेची अंगठी बोटात बाळगून असते. ती मुद्रा ज्या हुकमावर उमटेल त्या हुकमाला दरवाजा उघडतो. शेजारच्या राज्याचा प्रधान एक देखणा दूत पाठवतो. तिला भुलव आणि अंगठी घेऊन ये. दूत महिनाभर राहतो, तिला भुलवतो, आणि दुसऱ्या अंकात तिच्या हातातला मोजा एकेक बोट सोडवत काढतो. मोज्याबरोबर अंगठीही निघून येते. तिला ते कळतं, तरी ती हात मागे घेत नाही. सगळा ऑपेरा या एका जागेवर उभा होता.

किल्लेदारणीचं काम बाईंकडे होतं. बाई म्हणजे कंपनीच्या मुख्य गायिका. वय सेहेचाळीस, नवऱ्यापासून वेगळ्या होऊन बारा वर्षं झालेली, एक मुलगी लग्न होऊन दूरच्या गावी. आणि त्यांच्या डावीकडे, पियानोवर, मास्तर.

मास्तरांचं काम जरा चमत्कारिक होतं. तालमीत सगळा वाद्यवृंद एकट्याने पियानोवर वाजवायचा, आणि खेळ जवळ आला की खरा वाद्यवृंद यायचा व मास्तर घरी बसायचे. सतरा वर्षं ते हेच करत होते. प्रेक्षकांपैकी एकालाही त्यांचं तोंड माहीत नव्हतं. लग्न झालेलं नव्हतं. थोरल्या बहिणीबरोबर राहायचे. ताई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांच्या आवाजाला ती बातमी अजून कळली नव्हती.

बाईंचा डावा गाल, डावा कान आणि कानामागची सुटलेली एक बट, एवढ्या भागावर मास्तरांचा सतरा वर्षं जीव होता. पियानोवरून तेवढंच दिसायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ताईंना न सांगता कळलं होतं, तो भाग वेगळा.

पाहुणे येईपर्यंत दूताच्या ओळी मास्तरांनी पियानोवरूनच म्हणाव्यात, असं ठरलं. त्यांचा आवाज फाटका होता पण सुरात होता. दोन दिवस तसं चाललं. तिसऱ्या दिवशी घोडं अडलं. हातमोज्याचा प्रसंग आला, आणि बाई रिकाम्या हवेकडे हात करून उभ्या राहिल्या.

"अहो, मी कुणाला हात देऊ?" त्या म्हणाल्या. "माझं अंतर चुकतंय."

दिग्दर्शकाने इकडेतिकडे पाहिलं. "मास्तर, उठा. पियानो मी सांभाळतो, मोडकातोडका वाजवतो. तुम्ही दूत व्हा."

"मला अभिनय येत नाही."

"अभिनय कोण मागतंय? खांब म्हणून उभे राहा. गाणारा खांब."

सगळे हसले. मास्तर उठले आणि निळ्या पट्टीपाशी जाऊन उभे राहिले. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना बाईंचा चेहरा समोरून, हातभर अंतरावरून दिसला. उजव्या भुवईत एक बारीक जुना व्रण होता. तो त्यांना ठाऊकच नव्हता.

प्रसंग असा होता. ती म्हणते, "जा." तो मोजा काढतो आणि म्हणतो, "जातो." मध्ये संगीताचे चार ठोके. मास्तरांनी करंगळीपासून सुरुवात केली. मोजा तालमीचा, जुना, घट्ट बसलेला. अनामिकेपर्यंत त्यांची बोटं थरथरायला लागली. ती थरथर बाईंना कळू नये म्हणून ते थांबले. चार ठोके निघून गेले, पाचवा गेला, सहावा गेला. दिग्दर्शकाने पियानोवरचे हात उचलून धरले. हॉलमध्ये कुणी हललं नाही. मग मास्तरांनी मोजा काढला, आणि त्यांच्या तोंडून 'जातो'ऐवजी निघालं, "येतो."

घरातून निघताना माणूस म्हणतो तसं.

बाई आधी हसल्या. मग त्यांचं हसणं मध्येच थांबलं आणि त्यांनी हाताकडे पाहिलं. हात अजून मास्तरांच्या हातात होता.

"माफ करा," मास्तर म्हणाले. "जीभ घसरली."

"घसरू द्या," दिग्दर्शक म्हणाला. "दोन अक्षरं ती आणि दोन अक्षरं ही, चालीत बसतंय. अंगठी चोरून निघालाय आणि येतो म्हणतोय लेकाचा. तेच ठेवा. थांबणंसुद्धा ठेवा."

त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे रोज दुपारी तीन वाजता मास्तर बाईंच्या हातातला मोजा काढत होते. सकाळी दाढी करताना गुणगुणत होते. चपलांऐवजी बूट घालू लागले. एक दिवस इस्त्रीचा शर्ट मागितला तेव्हा ताईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"तालमीला निघालास की मुलगी बघायला?"

"हॉलमध्ये थंडी असते. शर्ट जाड आहे."

"हो का. थंडीला इस्त्री लागते हे आम्हाला कधी कुणी शिकवलं नाही."

पण शर्टाला इस्त्री त्यांनीच केली, कॉलर दोनदा. मास्तर बूट घालत असताना त्या दाराशी आल्या आणि आवाज होता होईल तेवढा खाली आणून म्हणाल्या, "अरे, ते काम दुसऱ्याचं आहे, एवढं लक्षात ठेव."

"लक्षात आहे, ताई."

लक्षात होतं. म्हणूनच रोजचा दिवस त्यांना उरलेल्या दिवसांतून वजा होताना दिसायचा. बाईसुद्धा अलीकडे वेळेआधी यायला लागल्या होत्या. इतर लोक येईपर्यंत दोघं पियानोपाशी बसायचे. बाई मुलीचं सांगायच्या. तिला दिवस गेले होते, सातवा संपत आला होता. मास्तर फार बोलायचे नाहीत. एकदा बाई म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं इथेच होतात, आणि मी तुम्हाला पियानोचाच एक भाग समजत होते. राग येऊ देऊ नका हं."

"भागच आहे मी," मास्तर म्हणाले. "फक्त दर वर्षी सूर लावून घ्यावा लागत नाही."

त्या खूप वेळ हसल्या. त्या हसण्यावर मास्तरांनी तो सबंध आठवडा काढला.

आणि पाहुणे आले. मास्तरांनी मनातल्या मनात त्यांना गर्विष्ठ, आखडू असं काय काय रंगवून ठेवलं होतं, ते सगळं फुकट गेलं. माणूस साधा होता. आल्याआल्या उशीर झाल्याबद्दल प्रत्येकाची वेगळी माफी मागितली, हॉलमध्ये सगळ्यांबरोबर कुडकुडला, आणि पहिली ओळ गायला तेव्हा चहाचे कप धुणारी बाई कप हातात घेऊन बाहेर आली. असा आवाज त्या भिंतींनी ऐकला नव्हता. मास्तर पियानोवर परत गेले. पुन्हा डावा गाल, डावा कान, बट.

हातमोज्याच्या प्रसंगाला मात्र काही केल्या रंग चढेना. पाहुणे काम मूळ संहितेवरून पाठ करून आले होते; बदल सांगितला तरी अगदी बरोबर चार ठोक्यांत मोजा काढायचे आणि सुरेख सुरात "जातो" म्हणायचे. बाईंचा प्रत्येक वेळी ठोका चुकायचा. चौथ्यांदा चुकला तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, "बाई, तुम्ही कुणाची वाट बघताय?"

सुटी झाल्यावर बाई पियानोपाशी आल्या.

"मास्तर, एक मागू? ते थांबणं त्यांना शिकवा. आणि तो शब्द. मला त्याशिवाय पुढचं गाताच येत नाही."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. नाही म्हणण्याचा त्यांना हक्क होता की नव्हता, कुणास ठाऊक. "शिकवतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या हॉलमध्ये पाहुणे आणि मास्तर समोरासमोर उभे राहिले. बाई नव्हत्या. मास्तरांनी तो जुना मोजा स्वतःच्या हातात चढवला, निम्माच चढला, आणि हात पुढे केला.

"करंगळीपासून. ओढायचं नाही, सोडवायचं. अनामिकेवर थांबा."

"किती?"

"मोजू नका. मोजलंत की संपलं."

पाहुण्यांनी करून पाहिलं. एकदा, तीनदा, सहादा. चांगला गायक होता, पण थांबणं रिकामं पडत होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "मास्तर, तुम्हाला हे सुचलं कसं? म्हणजे थांबताना तुमच्या मनात काय असायचं?"

"सुचलं नाही. बोटं थरथरायची. ते तिला कळू नये म्हणून थांबायचो."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण 'त्यांना' म्हणायला हवं होतं. पाहुण्यांच्याही ते लक्षात आलं. मास्तरांच्या हातातला मोजा त्यांनी हळूच काढून घेतला, भिंतीलगतच्या बाकावर ठेवला आणि म्हणाले, "हे मी उधळून टाकणार नाही. एवढा शब्द देतो."

त्या दुपारी प्रसंग जमला. बाईंचा ठोका चुकला नाही. पुढच्या सोमवारी वाद्यवृंद आला, पियानो ढकलत ढकलत कोपऱ्यात गेला, त्यावर खोळ चढली आणि मास्तर घरी बसले.

पहिल्या प्रयोगाला जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. ताईंनी दोन तिकिटं काढून आणली. "मला एकटीला ते जिने चढवत नाहीत," त्या म्हणाल्या, आणि नाट्यगृहात मास्तरांच्या आधी वरच्या मजल्यावर पोचल्या.

दुसरा अंक. खऱ्या दिव्यांत, खऱ्या दालनात बाई उभ्या होत्या, पांढरा लांब मोजा कोपरापर्यंत. "जा," त्या म्हणाल्या. पाहुण्यांनी करंगळी सोडवली, अनामिकेवर आले आणि थांबले. वाद्यवृंद थांबला. सातशे माणसं श्वास रोखून बसली. पाहुण्यांची बोटं थरथरत होती. खरी की शिकलेली, वरून सांगता येत नव्हतं. मग मोजा निघाला, अंगठी गेली, आणि ते म्हणाले, "येतो." खालून कुणीतरी हुंदका दिला.

ताईंनी मान न वळवता विचारलं, "हे तुझं का रे?"

"होतं," मास्तर म्हणाले.

ताईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि अंक संपेपर्यंत काढला नाही.

खेळ बारा झाले. गावात त्या सहा ठोक्यांचीच चर्चा होती. शेवटच्या खेळानंतर दोन दिवसांनी मास्तर आपल्या वह्या न्यायला हॉलवर गेले, तर बाई तिथे होत्या. कपाट रिकामं करत होत्या. सकाळचे अकरा वाजले होते, जमिनीवरच्या पट्ट्या कुणीतरी अर्ध्या उपटून ठेवल्या होत्या.

"मुलीकडे चाललेय," बाई म्हणाल्या. "बाळंतपण, आणि पुढे ती कामावर जायला लागेपर्यंत. वर्ष तरी जाईल. पुढच्या खेळांना त्यांनी दुसरी गायिका बघावी असं सांगितलंय मी."

मास्तरांनी वह्या खाली ठेवल्या. मग उभ्याउभ्या, काहीही न सजवता, सांगून टाकलं. कधीपासून, कुठून बसून, काय. दोन मिनिटंही लागली नाहीत.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आज का सांगितलंत?"

"सतरा वर्षं गिळत होतो. घशाशी आलं."

त्या हसल्या नाहीत. बाकावर बसल्या. "मास्तर, तुम्ही दूत होतात तेव्हा मी रोज अर्धा तास आधी यायचे. उभ्या आयुष्यात मी वेळेआधी कुठे गेलेली नाही. पण तुमच्यासाठी यायचे की त्या प्रसंगासाठी, हे मला अजून सांगता येत नाही. आणि खोटं सांगवत नाही."

"नका सांगू."

"पाहुण्यांबरोबर बारा खेळ केले. छान झाले. पण प्रत्येक वेळी ते थांबले की मला हॉलमधली थंडी आठवायची." त्यांनी वर पाहिलं. "हे उत्तर नाही, मला माहीत आहे."

"मी उत्तर मागितलेलं नाही," मास्तर म्हणाले, आणि ते खरं नव्हतं हे दोघांनाही कळलं.

त्यांनी बाईंची सामानाची पेटी रिक्षापर्यंत नेऊन दिली. जड होती. रिक्षा वळेपर्यंत ते रस्त्यात उभे राहिले, आणि नंतरही, मागून एक टेम्पोवाला हॉर्न वाजवेपर्यंत.

दोन महिने काही कळलं नाही. ताई विचारत नव्हत्या, पण फोनपाशी वर्तमानपत्र वाचत बसायची नवी सवय त्यांनी लावून घेतली होती. एका रविवारी सकाळी फोन वाजला. बाईंना नात झाली होती, आता सहा आठवड्यांची. सगळं नीट होतं. मग बाई जरा घुटमळल्या.

"मास्तर, इथे पियानो नाही. आवाज बसत चाललाय. रियाजाला तुम्ही जरा सूर द्याल का? दहा मिनिटं."

मास्तरांनी फोन घरच्या जुन्या पियानोवर ठेवला आणि एक पट्टी दाबली. पलीकडून बाईंनी सूर लावला, अगदी हलका, कारण बाळ झोपलं होतं. मग दुसरा. मग वरचा. दहा मिनिटांची चाळीस झाली. त्यानंतर तो दर रविवारचा नेम पडला. त्या अकरा वाजता करते म्हणायच्या, आणि फोन पावणेअकराला यायचा.

पुढचं काही ठरलेलं नव्हतं. त्या कधी परत येतील, येतील की नाही, दोघांपैकी कुणी विचारत नव्हतं. शनिवारी मास्तर पियानोवरची धूळ पुसत. रविवारी चहा झाला की ताई पिशवी घेऊन भाजीला निघून जात, भाजी घरात असली तरी. आणि मास्तर एक सूर द्यायचे, बोट पट्टीवर तसंच ठेवायचे, आणि तो विरत विरत जाताना तिकडून श्वास घेतल्याचा आवाज येईपर्यंत ऐकत बसायचे.