खिट्टी बसेना

गड्ड्याच्या यात्रेत फुग्यांचा ठेला मांडला की बिरप्पा फुगे टांगलेल्या फळीखाली बसायचा आणि त्याची बायको फुलाबाई दोरीपाशी उभी राहून बंदूक भरायची. गिऱ्हाईक नेम धरी, फुगा फुटे, आणि रबराची चिंधी खाली टेकायच्या आत बिरप्पा नवा फुगा तोंडाला लावी. छर्रे डोईवरनं सूं करत जायचे. तो मान लववत नसे. ‘‘नेम वर, मी खाली,’’ म्हणायचा. ‘‘आमचं दोघांचं काय वाकडं न्हाय.’’

काल मात्र एक छर्रा त्याच्या कानाशेजारी फळीत रुतला. बिरप्पा हसला, गिऱ्हाईक पिऊन आलं असंल म्हणाला. पण फुलाबाईनं पाहिलं होतं. त्या माणसाचा नेम वरच्या लाल फुग्यावर होता, सरळ, सुतात. चूक बंदुकीची होती.

बंदूक त्यांची सोपी. नळी मध्यावर मोडायची, म्हणजे आतली स्प्रिंग ताणली जाते; छर्रा घालायचा, नळी परत मिटायची. मिटते त्या सांध्यात कातड्याचं वायसर, वारा बाहेर फुटू नये म्हणून. आणि खाली एक खिट्टी, नळी हलू नये म्हणून.

सकाळी गर्दी नव्हती तेव्हा फुलाबाईनं वाकळेतली चिमूटभर रुई काढून सांध्यावर ठेवली आणि बंदूक मातीत उडवली. रुई उडाली; सांध्यातनं वारा फुटत होता. ती बघतच राहिली. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर बिरप्पा तापानं निपचित पडला होता, तेव्हा अशीच रुई तिनं त्याच्या नाकाशी धरली होती. तिथं रुई हलावी म्हणून जीव टांगला होता, इथं हलू नये म्हणून. तिच्या मनात आपोआप जात्यावरचा सूर लागला:

हल गं रुई हल, धन्याच्या श्वासापाशी
नको हलू बंदुकीच्या, कोंडल्या वाऱ्यापाशी

तिनं नवऱ्याला दाखवलं. बिरप्पाला आनंदच झाला, रोग सापडला. जुनं वायसर वाळून आकसलं होतं. त्यानं तुटक्या वहाणेच्या तळातनं नवं कापलं, चांगलं जाडजूड, आणि जागेवर ठोकून बसवलं. परत रुई ठेवली, बंदूक उडवली. रुईचा एक तंतू हलला नाही.

‘‘झालं की,’’ तो म्हणाला.

झालं होतं. पण फुलाबाईचे कान वेगळंच ऐकत होते. नळी मिटताना रोज खट् असा कोरडा आवाज यायचा, कडी लागल्यासारखा. आता दप् असा आला, पिठाचं पोतं ठेवल्यासारखा. तिनं अंगठ्यानं नळी हलवून पाहिली. पडायला आलेल्या दातासारखी ती किंचित खेळत होती. जाड वायसरनं वारा कोंडला होता, पण नळीलाच पुरती मिटू देत नव्हतं, आणि खिट्टी अर्धीच अडकत होती. तिनं ते सांगितलं. बिरप्पा म्हणाला, नवी सून हाय, रुळंल चार दिसांत.

मग निदान आजच्या दिवस बाजूला बसा, म्हणून ती त्याच्या मागं लागली. तो ऐकेना. आपणच आपल्या बंदुकीला भ्यालो तर गिऱ्हाईक कशाला उभं राहील, आणि निम्मे लोक तर खाली बसलेला माणूसच बघायला येतात, असं त्याचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं.

दुपारी गर्दी लोटली. फुलाबाई प्रत्येक वेळी नळी मांडीवर दाबून मिटायची, तळहाताला वळ पडेस्तोवर. एक छर्रा फळीवरनं निघून गेला, पुढचा कडेला लागला. इथं नखाएवढा फरक, तो तिथं वीतभर होत होता.

टेंभुर्णीकडचा हिंदुराव आला, ट्रकवाला, मागं चार सोबती. वरच्या ओळीत नेम धरतो म्हणाला आणि चाप ओढला. खालच्या ओळीचा दोरा तुटला. दोन फुगे बिरप्पाच्या पटक्यावर येऊन पडले.

‘‘बाई,’’ हिंदुराव म्हणाला, ‘‘तुमची बंदूक मालकावर रुसलीया वाटतं.’’

सगळे हसले. बिरप्पाही हसला. हिंदुरावनं दुसरा छर्रा भरायला सांगितलं. फुलाबाईनं नळी मोडली, छर्रा घातला, मिटली. दप्. आणि बंदूक तिच्या हातातनं सुटेना.

‘‘फुले, दे की. लोकं बघत्यात,’’ बिरप्पा खालनं म्हणाला.

ती दोरी ओलांडून, नळी आभाळाकडं धरून, थेट फळीपाशी गेली. बंदूक त्याच्या हातात दिली.

‘‘तुमी भरा आज. मी बसते खाली.’’

पदर खोचून ती त्याच्या पोत्यावर बसली. बिरप्पाला वाटलं, बायको चारचौघांत फुगून बसली. फुरफुरत तो दोरीपाशी गेला. सवयीनं त्यानं नळी पुन्हा मोडली, छर्रा बघितला, मिटली. सकाळी नुसता कानावरनं गेलेला तो आवाज त्यानं आता ऐकला. अंगठा लावला. नळी हलली.

त्यानं मान वर केली. रंगीत फुग्यांच्या ओळी, आणि त्यांच्या खाली फुलाबाईचा चेहरा. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती डोळे न मिटता त्याच्याकडंच बघत होती.

हिंदुरावनं हात पुढं केला. बिरप्पानं बंदूक छातीशी ओढली.

‘‘न्हाय पावणं. खिट्टी बसंना.’’

‘‘आत्तापतूर बसत हुती की.’’

‘‘आत्तापतूर मी खाली हुतो.’’

कुणीतरी हसलं आणि मधेच थांबलं. बिरप्पानं बंदूक मातीच्या ढिगाऱ्यात उडवून रिकामी केली. त्या आवाजासरशी फुलाबाईचे डोळे घट्ट मिटले. तो तिथंच मांडी घालून बसला, चाकूच्या टोकानं वायसर उचकटलं आणि गुडघ्यावर ठेवून कड तासायला लागला. माणसं पाळण्याकडं पांगली. हिंदुराव थोडा वेळ उभा राहिला, मग तोही गेला.

‘‘ऊठ की आता,’’ बिरप्पा वर न बघता म्हणाला. ‘‘हितं धरायला ये जरा.’’

‘‘येते,’’ फुलाबाई म्हणाली. पण फळीला पाठ टेकून ती तशीच बसून राहिली.