टिलोमाई आणि सुनेच्या घराचे झाप

माझ्या धाकट्या बहिणीला, टिलोमाईला, खोकून आत शिरणं म्हणून ठाऊक नाही. सामोआत आमची घरं बिनभिंतीची. खांब, वर छप्पर, आणि आडोसा हवा तर झावळ्यांचे विणलेले झाप खाली सोडायचे. झाप सोडलेले दिसले की गावातला दारुडासुद्धा लांबून वळतो. टिलोमाईला मात्र सोडलेला झाप दिसला की तिचे हात शिवशिवतात!

तिचा नवरा देवाघरी गेल्यापासून मुलगा सेफो हेच तिचं जग. त्याचं गेल्या वर्षी लग्न झालं. मुलगी बेटाच्या पलीकडच्या टोकाची, मोएलांगी नावाची, गोड गळ्याची. दोघांनी टिलोमाईच्या घरामागे लहानसं घर बांधलं. तेव्हापासून रोज पहाटे ही बाई कोकोची किटली घेऊन हजर. एकेक झाप भराभर वर गुंडाळायचा आणि ओरडायचं, "उठा रे! वारा अडवून कसले झोपता?" मग सुनेची पेटी उघडून कपड्यांच्या घड्या मोडायच्या, पुन्हा आपल्या पद्धतीनं घालायच्या. तिनं नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांत बोट बुडवायचं आणि म्हणायचं, "मीठ?" वर पुन्हा चौकशी, "रात्री काय कुजबुजत होतात? मला 'आई' असं ऐकू आलं."

एकदा तर कहर झाला. हिनं झाप वर करायला आणि चर्चच्या पाळकांच्या बायकोनं रस्त्यानं जायला एकच गाठ पडली. सेफो बिचारा अर्धवट नेसलेली लुंगी एका हातानं धरून उभा. पाळकीणबाईंनी उगवता सूर्य बघायचा म्हणून मान फिरवली. सूर्य दुसऱ्या बाजूला होता!

त्याच दुपारी सेफो माझ्याकडे आला. खाली मान घालून म्हणाला, "मावशी, आम्ही मोएलांगीच्या माहेरी राहायला जातोय. कायमचं. रविवारचं जेवण झालं की निघू."

"आईला सांगितलंस?"

"सांगायला जरा समोर उभं राहावं लागतं. ती समोर कुठं असते? अंगावरच असते." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "ती वाईट नाही गं, माया करते. पण मोएलांगी हल्ली हसायच्या आधी मागे वळून बघते."

ते शेवटचं वाक्य मला लागलं. तशीच उठले आणि टिलोमाईकडे गेले. ती चटई विणत बसली होती.

"मुलगा चाललाय तुझा. सासुरवाडीला, बिऱ्हाड घेऊन."

तिच्या हातातली पात सुटली. "फितवला! त्या पोरीनं फितवला!"

"पोरीनं कशाला? तूच ढकलतेयस त्याला बाहेर, हातात किटली घेऊन."

"ताई, आई मुलाच्या घरात परकी कधीपासून झाली? आपण काय परदेशातल्यांसारखी दारं लावून बसणारी माणसं आहोत? आपल्यात भिंती नाहीत!"

"भिंती नाहीत म्हणूनच तर 'वा' आहे!" मी म्हटलं.

आता हा 'वा' म्हणजे काय, ते सांगते. दोन माणसांच्या मधली जी जागा, तिला आम्ही वा म्हणतो. ती जागा रिकामी नसते. अंगणासारखी रोज झाडून नीट ठेवावी लागते. मी शाळेत जेमतेम गेलेली बाई, पण हे मला आईनं जेवताना शिकवलं आणि टिलोमाई तेव्हा माझ्याच शेजारी बसली होती.

"आपल्या भावाशी आपण कसं वागतो?" मी विचारलं. "त्याच्या अंथरुणावर बसत नाही, त्याच्यासमोर वाह्यात बोलत नाही. म्हणून त्याच्यावरची माया आटली का? भिंत असती तर तिनं तिचं काम केलं असतं. भिंत नाही, तर ते काम आपल्या पायांनी आणि डोळ्यांनी करायचं."

टिलोमाईनं नाक उडवलं. "ठीक आहे. ठेवते अंतर!"

आणि ठेवलं की बाईनं! सुनेचं घर दिसू नये म्हणून समुद्राकडच्या वाटेनं जायला लागली. सेफो बोलायला आला तर पाठ फिरवून चटई विणत बसली. मोएलांगी भाजलेला नीरफणस घेऊन गेली, तर ही आतूनच ओरडली, "ठेव तिथं बाहेर! माझ्या 'वा'मध्ये पाय ठेवू नकोस!"

पोर रडत माझ्याकडे आली. "मावशी, मी काय चुकले? आधी त्या श्वास घेऊ देत नव्हत्या, आता तोंड बघत नाहीत." तिकडे सेफोनं चटया बांधायला घेतल्या.

मग मात्र मी टिलोमाईचा हात धरला आणि तिला फरफटत किनाऱ्यावर नेलं. सेफोची उलांडीची होडी वाळूत ओढून ठेवली होती. उलांडी म्हणजे होडीच्या बाजूला, जरा अंतरावर दोरांनी बांधलेला, तोल सांभाळणारा ओंडका.

"ही उलांडी होडीला चिकटवून बांधली तर?"

"उलटेल. एवढं कळतं मला."

"आणि दोर कापून टाकले तर?"

तिनं दोरांवरून बोट फिरवलं. लाटा येत होत्या, जात होत्या. शेवटी पुटपुटली, "तरी उलटेल."

"मग? आधी चिकटवलीस, आता दोर कापतेयस! उलांडी लांब असते टिलोमाई, पण बांधलेली असते. म्हणून होडी तरते."

टिलोमाई वाळूत फतकल मारून बसली. रडली. रडता रडता हसली. "पण ताई, नेमकं किती लांब बसू मी?"

"ते मला काय विचारतेस? सुनेला विचार. जागा तुम्हा दोघींची आहे."

बायांनो, तुमच्या घरांना भिंती असतील, दारांना कड्या असतील. पण कडी लावूनही माणसाच्या जिवात घुसता येतं, आणि एका चटईवर बसूनही त्याला मोकळा श्वास घेऊ देता येतो. मैत्रीण असो, बहीण असो, पोटचा मुलगा असो. माझं आहे म्हणून मुठीत आवळलं की गुदमरतं!

रविवारी चर्चमधून आम्ही दोघी बहिणी रस्त्यानं परत येत होतो. गावभर भट्ट्यांचा खमंग वास. सेफोच्या घराचे झाप अर्धे सोडलेले, गाठोडी खांबाला टेकवून ठेवलेली. टिलोमाईचा हात आपसूक झापाकडे गेला. तिनं तो दुसऱ्या हातानं धरून मागे ओढला! मग रस्त्यातच उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा खोकली.

"मोएलांगी, पोरी," ती बाहेरूनच म्हणाली, "तुझा नीरफणस मी बाहेर ठेवायला लावला. चुकलं माझं. रोज तुझे झाप वर केले, तेही चुकलं. तुम्ही जाताय, तर सुखानं जा."

आणि ती चालू लागली.

आमच्याकडे जेवणाच्या वेळी रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारल्याशिवाय कुणी घास गिळत नाही. अनोळखी असला तरी. पण आत सगळं चिडीचूप. माझा जीव टांगणीला लागला.

तोच झाप वर गेला. मोएलांगीनं स्वतःच्या हातानं वर केला!

"आई! अशा कशा निघालात? या, जेवायला या!"

तिच्या मागून सेफो म्हणाला, "थांब आई, चटया गाठोड्यात बांधल्यात. सोडतो. आता कुठं नेत नाही त्यांना."

टिलोमाई रस्त्याच्या मधोमध खांबासारखी उभी. "ताई! ऐकलंस? तिनं मला बोलावलं! वर्षभरात कधी बोलावलं नव्हतं गं!"

"कशी बोलावणार?" मी सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हटलं. "तू बाहेर होतीस कधी? जी आधीच आत घुसून बसलीय, तिला 'या' कोण म्हणणार? आपल्या माणसापासून अंतर ठेवायचं ते दूर जायला नव्हे, टिलोमाई, त्याला आपल्याला बोलवायला जागा राहावी म्हणून!"