टाके उसवले त्या दिवशी

माझी पाठ मोडलेली आहे, कोपरे झिजलेत आणि पानांवर हळदीचे अंगठे उमटलेत. मित्रांनो, याची मला लाज वाटत नाही. मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. लाज वाटते ती माझ्या कोऱ्या भावंडांची, जी शाळांच्या काचेच्या कपाटांत कुलपाआड म्हातारी झाली.

पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. दारव्ह्याच्या नागोराव मास्तरांनी मला विकत घेतले आणि वर्षानुवर्षे राबवले. १९५८ साली त्यांचा एक विद्यार्थी, जवळच्या बंजारा तांड्यावरचा उत्तमसिंग, मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाला. त्याचा बाप देवीलाल याने सांगून टाकले, की आता एकदाच बसायचे. पुन्हा आपटला तर राजूरला, कोळशाच्या खाणीत. मास्तरांनी मला उत्तमसिंगच्या हाती दिले.

"नुसता अर्थ पाठ नको करू," ते म्हणाले. "शब्दाले तांड्यावर ने. तिथं तो कोनाच्या घरी राह्यते ते पाह्य."

परतताना मोटारीतच त्याने 'रिलक्टंट' हा शब्द काढला. नाखूश, मन नसताना काम करणारा. हा तर आपला काळा बैल, जू दिसले की मान फिरवणारा! उत्तमसिंग एकटाच हसला.

घर आले आणि माझे नशीब फिरले. त्याची आई रूपीबाई हिने आयुष्यात एकच जाड पुस्तक पाहिले होते, दारव्ह्याच्या देवळातली पोथी, तीही लाल फडक्यात बांधलेली. तांड्यावरच्या बायका जिवापाड जपायची वस्तू कशिद्याने मढवतात. रूपीबाईने आपल्या लग्नातल्या घागऱ्याचा काठ कापला, त्यावर आरसे आणि कवड्या लावल्या, मला आत घातले आणि चारही बाजूंनी शिवून टाकले. देवीशेजारी माझी जागा झाली. रोज दिवा, रोज धूप. शेजारणी मला पाहायला येत आणि हात जोडून जात.

मला संताप येई. माझ्या पोटात हजारो शब्द, आणि हाताच्या अंतरावर पोरगा कपाळ धरून बसलेला. आईने लग्नाचा काठ कापलेला. तो उसव म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचे? इकडे आत मला कसर लागली. पूजा करूनही पुस्तक मारता येते, मित्रांनो. मी ते अंगावर सोसले आहे.

हिवाळ्यात एकदा कापूस वेचून आल्यावर तो चुलीपाशी धडा वाचत होता. एका शब्दाशी अडला, मागे गेला, पुन्हा तिथेच अडला. भाकर थापता थापता रूपीबाईने विचारले, "काहून थांबला?"

"अर्थ नाही माहीत, याडी," तो आईला म्हणाला.

"मंग त्या मोठ्या पुस्तकात पाह्य ना. कायले आनलं ते?"

तो खाली पाहत म्हणाला, "ते तू शिवलं ना."

तव्यावरची भाकर करपली. रूपीबाई उठली आणि पिठाच्या हातांनीच मला मांडीवर घेऊन बसली.

"मले वाटे, घरात असलं का ग्यान येते," ती म्हणाली. "ते उघडा लागते, हे कोनं सांगतलं मले?"

मग तिने आपले टाके आपल्याच दातांनी तोडले, एकेक करून. आरसे तिच्या मांडीवर गळत होते. लग्नाचा काठ वाया गेला, असे देवीलाल पुटपुटला.

"वाया कायले? आता याले दार करतो."

आणि तिने एक बाजू मोकळी ठेवून, कवडीची गुंडी लावून, मला नवा अंगरखा शिवला. त्या दिवसापासून उत्तमसिंगकडून ती रोज एक शब्द मागून घेई. 'रिलक्टंट' कळल्यावर म्हणाली, "त्या बैलाले कायले बदनाम करतं? तुह्या बापाले पानी आनाले सांगून पाह्य." देवीलाल हसू दाबत घागर घेऊन निघाला.

उत्तमसिंग पास झाला. काठावर, पण झाला. राजूरची वाट सुटली. आज वीस वर्षांनी तो राळेगावच्या शाळेत इंग्रजी शिकवतो आणि मला उघड्या टेबलावर ठेवतो. पोरे पुस्तकाची वाट लावतात, असे इतर मास्तर म्हणतात. लावू द्या. त्या शाईच्या बोटांनीच मी जिवंत आहे.

मित्रांनो, कपाटाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्यांना विचारा, कोणासाठी सांभाळता? मला नमस्कार नको. पावसापासून जपा, कसरीपासून जपा, पण उघडा. न उघडता जपणे म्हणजे मला पुरणेच.

रूपीबाई अजून लेकाकडे येते. तिला वाचता येत नाही. ती मला मांडीवर घेते, कवडी सोडते, हाती येईल ते पान उघडते आणि एका शब्दावर बोट ठेवून लेकाला विचारते, "हा कोनाच्या घरी राह्यते रे?"