महासरड्याच्या तोंडी

चित्रकाराच्या गोतावळ्यात महासरड्याने गिळलं नाही असं माणूस उरलं नव्हतं, एक त्याची बायको सोडली तर.

भयकथांच्या एका चित्रमासिकात तो वीस वर्षं हरवलेल्या दरीची गोष्ट काढत होता. गोष्ट दर महिन्याला तीच. दोर, कंदील आणि फाजील आत्मविश्वास घेऊन एक तुकडी दरीत उतरते, लाखो वर्षांपूर्वीचा महासरडा तिथे अजून जिवंत असतो, आणि शेवटच्या चौकटीत तो सगळ्यांना मटकावून तोंड मिटतो. दरीतून कोणी परत यायचं नाही, हा संपादकांचा नियम. पण दर महिन्याला नवे चेहरे आणायचे कुठून? चित्रकाराने पहिल्यांदा मेहुण्याला घातलं, तेही जरा रागातच. मग आठवडाभर तोंड लपवून हिंडला. मेहुण्याने मात्र अंकाच्या दहा प्रती घेऊन गल्लीभर वाटल्या! झालं, घरी रांगच लागली. थोरल्या बहिणीला दोनदा गिळलं म्हणून धाकटी रुसून बसली. मामांनी तर चष्म्यासकट गिळण्याची अट घातली.

आणि आता मासिक बंद होणार होतं. एकच अंक उरला होता.

"या वेळी मी," बायको पेन्सिलीला टोक काढत म्हणाली. हे काम वीस वर्षं तिचंच. "तुमच्या आईला घेतलंत, माझ्या आईला घेतलंत. मीच काय घोडं मारलंय?"

"अगं, तुझा चेहरा अवघड आहे."

ही शुद्ध थाप होती. मामांना गिळताना त्याचा हात कधी थरथरला नव्हता. पण ते दात बायकोजवळ आले, की पेन्सिल जागची हलत नसे. भीती वाटायची, दुसरं काय!

शेवटी त्याने पळवाट काढली. तुकडी गेली पोटात, आणि बायको एकटी दोराला धरून दरीच्या वर आली, सुखरूप, एक केसही विस्कटलेला नाही. स्वतःवर खूश होऊन त्याने पान तिच्यापुढे ठेवलं.

तिने पान उजेडात धरलं.

"बाकीचे कुठे आहेत?"

"पोटात."

"सगळे?"

"सगळेच की. वीस वर्षांचे."

"आणि मी इथे एकटी?" तिने चित्रातल्या स्वतःच्या मागच्या कोऱ्या कागदावर बोट ठेवलं. "इथे तर साधा दगडसुद्धा नाही."

खरंच नव्हता. दरीच्या वर काय असतं, हे त्याने कधी काढलंच नव्हतं.

"अहो, माझी आई जाऊन सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "तुमच्या मामांना तीन. दोघं आत एका जागी आहेत, आणि मला तुम्ही बाहेर काढता?"

चित्रकार ओशाळला. त्याने पात्याने ती चौकट खरवडली. नवीन चौकटीत सरड्याचं पोट आतून काढलं. तिथे सासूबाई विणत बसल्या होत्या, मामा चष्मा पुसत होते, मेहुणा आपलाच अंक वाचत होता. बायको जबड्यातून आत उतरत होती, आणि तिच्या मागोमाग, पेन्सिलींचा डबा काखेत मारून, तो स्वतः.

"मामांना जरा सरकायला सांगा," बायको डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही बसणार कुठे?"

संध्याकाळी संपादक पान न्यायला आले. त्यांना ना बायको, ना मुलं. हे मासिकच काय ते होतं. त्यांनी पान हातात घेतलं, पण पिशवीत घातलं नाही.

"तोंड उघडंच आहे," ते म्हणाले. "नियमाप्रमाणे मिटायला हवं."

"मिटेल की," बायको नव्या पेन्सिलीला टोक काढू लागली. "आधी तुम्ही आत या."