केळव्याचे पंधरा दिवस

सासू आपणहून सुनेला म्हणाली, "जा गो, पोरींना घेऊन आठ दिस मजा करून ये," तर सुनेनं आधी सासूच्या तोंडाकडे नीट बघून घ्यावं. चंद्रकलेनं बघितलं नाही. तिचं सगळं लक्ष माळ्यावरची ट्रंक खाली काढण्यात होतं.

साल अडतीस, महिना वैशाखाचा. शेतात राब भाजून झाले होते, पेरणीला अजून अवकाश होता, आणि शहापुरातल्या त्या घरात चंद्रकलेला चौदा वर्षं होऊन गेली होती. एवढ्या वर्षांत शेणव्याला, म्हणजे चार कोसांवरच्या माहेरी, तिला दोन रात्रींपेक्षा जास्त कुणी राहू दिलं नव्हतं. आणि आता सासू धोंडीबाई तिला थेट समुद्रावर धाडायला निघाली होती. धोंडीबाईच्या भावाची मुलगी ताराबाई केळव्याला दिलेली. तिची पानवेलीची वाडी, वाडीच्या कुंपणापलीकडे समुद्र. धाकट्या ठकीला अंगभर खरूज झालेली, तिला खारं पाणी मानवेल, असं निमित्त निघालं. धोंडीबाईनं स्वतःच्या हातानं वाटेची दशमी बांधली. चंद्रकलेला वाटलं, म्हातारी निवळली.

म्हातारी निवळली असं वाटायला आणखीही एक कारण होतं. शिमग्याच्या सुमाराला नवरा, जयराम, चार मुलींवर मुलगा नाही म्हणून दुसरी बायको आणायचं बोलू लागला होता. चंद्रकला एरवी चढ्या आवाजात बोलणारी नव्हे. पण तेव्हा तिनं भाकरीचं पीठ तसंच ठेवून सांगितलं होतं, की दुसरी आली त्या दिवशी मी पोरी घेऊन शेणव्याची वाट धरीन आणि परत या दारात पाऊल टाकणार नाही. यावर जयरामनं काय करावं? ठकीला जवळ ओढून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली, की तो विषय संपला. लेकराच्या डोक्यावरची शपथ कोण मोडतो? चंद्रकलेनं पीठ मळायला घेतलं, आणि विषय तिच्यापुरता संपला.

आसनगावहून गाडीत बसून, दादरला गाडी बदलून, पाच जणी केळव्याला पोचल्या. जयराम पोचवून दुसऱ्या दिवशी परतला.

चार पोरींचे चार समुद्र झाले. दोन वर्षांच्या ठकीनं पहिल्या दिवशी मूठभर वाळू खाल्ली आणि आवडली म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्ली. सहा वर्षांच्या सावळीला लाट नेमकी आपल्याच मागं लागते असं वाटे. ती कमरेवर हात ठेवून लाटेला दटावी आणि लाट आली की किंचाळत पळे. शकू नऊ वर्षांची, हिशेबी. ती शिंपले वेचून लहानमोठे लावून ठेवी आणि कुणाला हात लावू देत नसे. थोरली सुंदरा तेराची. कुणी बघत नसलं की परकर खोचून धाकट्यांबरोबर पाण्यात धावायची, आणि ताराबाईकडची माणसं दिसली की बाईमाणसासारखी पदर शोधायची, जो तिला अजून मिळालाच नव्हता.

आणि चंद्रकला? ती माडाच्या सावलीत पाय लांब करून बसली. एवढंच. पण ज्या बाईनं चौदा वर्षांत दिवसाउजेडी पाय लांब केलेले नाहीत, तिला विचारा एवढंच म्हणजे किती ते. ताराबाई हातात तांदळाची गरम भाकरी आणून देई. ठकीला सुंदरा न्हाऊ घाली, तेल लावी, निजवी. चंद्रकला उठू लागली की म्हणे, "तू बस गो आये, मी हाय ना." दुपारी आईच्या मागं बसून ती तिचे केस विंचरी. पोर एकाएकी शहाणी झाली म्हणून चंद्रकलेचा ऊर भरून येई. मुलगा नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही पोर बघावी, असं तिला वाटे.

आठवा दिवस आला तेव्हा सुंदराच्या पोटात दुखू लागलं. ओव्याचं पाणी झालं, शेक झाला; निघणं लांबलं. अकराव्या दिवशी तिनं ठकीचं अंग उलटसुलट करून दाखवलं, की बघ, खपल्या धरल्यात, आणखी चार दिवस पाण्यात बसली तर कातडी साफ होईल. ताराबाईनंही री ओढली. चंद्रकलेला घराची काळजी होती, पण खरं सांगायचं तर तिलाही जायचं नव्हतं. ती राहिली.

त्या संध्याकाळी धाकट्या तिघी ओहोटीच्या ओल्या वाळूत खेळत होत्या. सुंदरा केस विंचरत होती आणि चंद्रकलेच्या पोटातलं ओठावर आलं. लेकीशी अशी ती पहिल्यांदाच बोलत होती. तिनं शिमग्यातलं सगळं सांगितलं: बापाचा विचार, आपलं भय, रात्र रात्र डोळा न लागणं. "तुज्या बानं ठकीच्या डोक्यावर हात ठेवला, म्हनून मी जिती हाय बघ," ती म्हणाली. "नायतर असं बसनं माज्या नशिबात कुठलं?"

फणी केसात थांबली. मग सुंदरा उठली आणि सावळी पाण्यात लांब जाते म्हणून धावत गेली. सावळी तर काठाशीच बसलेली होती. चंद्रकलेला वाटलं, पोर हळवी आहे, आईचं दुःख ऐकवलं नाही तिला. बराच वेळ ती लेकीच्या पाठीकडे मायेनं बघत राहिली.

पंधराव्या दिवशी सकाळी सुंदरानंच सामान बांधलं. "आता जाऊ," म्हणाली. चंद्रकला उठून बघते तो ट्रंक भरून तयार.

शहापुरात पोचायला दुसऱ्या दिवसाचे दहा वाजले. आळीत शिरल्यावर एरवी चार बायका तरी पुढं येऊन ठकीला उचलून घेत्या. त्या दिवशी एकीला चुलीवरचं आठवलं, एक पाठमोरी होऊन शेणी थापू लागली. चंद्रकला दारात आली. आतून एक अनोळखी बाई तांब्या घेऊन बाहेर आली. वीस-बावीसची, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. तिनं भाकरीचा तुकडा पोरींवरून ओवाळून टाकला, आणि खाली वाकून चंद्रकलेच्या पायांवर पाणी घातलं.

पाहुण्याच्या पायावर घालतात तसं.

तिचं नाव जनाबाई, मुरबाडकडची, हे नंतर कळलं. तिचा काही दोष नव्हता. तिला कुणी सांगितलं होतं, थोरलीच्या संमतीनं आहे म्हणून. जयराम ओटीवर होता तो मान खाली घालून गोठ्याकडे गेला. धोंडीबाई मात्र जागची हलली नाही. धाकटी बहीण समज, ती म्हणाली, राबायला दोन हात वाढले. केसानं गळा कापावा आणि वर मानेला तेल लावावं, त्यातली गत.

चंद्रकला रडली नाही. ओल्या पायांनी तशीच उभी राहिली आणि तिनं पोरींकडे बघितलं. सावळी आणि शकू नव्या बाईच्या चुड्याकडे टकामका बघत होत्या. ठकी आईच्या खांद्यावर झोपलेली. एकटी सुंदरा जमिनीकडे बघत होती.

चंद्रकलेच्या मनात मग एकेक गोष्ट जागेवर बसली. पोटातलं दुखणं. ठकीच्या खपल्या. थांबलेली फणी.

"तुला ठावं व्हतं?"

सुंदरानं ठकीला घ्यायला हात पुढं केले. चंद्रकलेनं पुन्हा विचारलं, तितक्याच हळू.

"आजी म्हनली," सुंदरा म्हणाली, "आयेला आधी कललं तर ती हिरीत उडी घालंल. लगीन हुईस्तवर, पंधरा दिस, तिला तितंच ठेव, हसती ठेव. मंग काय करनार नाय. मी तुला वाचवलं गो आये."

तेरा वर्षांच्या पोरीचा काय गुन्हा, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. चंद्रकलेलाही ते कळत होतं. अकलेनं ती कुणाला हार जाणारी नव्हती. नवऱ्याची शपथ खोटी निघाली, ते दुःख मोठं, पण ते तिनं शिमग्यातच निम्मं भोगून ठेवलं होतं. सासूकडून तिनं कधी काही मागितलंच नव्हतं. पण माडाखाली पाय पसरून तिनं ज्या एका जिवापुढं आपलं काळीज उघडं केलं, तो जीव सगळं माहीत असून तोंडात मूग गिळून बसला. आपण बोलत होतो तेव्हा इकडे हळद कुटली जात असेल. आणि पोर केस विंचरत होती. हे तिला सोसवेना.

ती घरात गेलीच नाही. बाजाराचा दिवस होता, शेणव्याच्या बैलगाड्या दुपारी परतायच्या होत्या. तिनं शकूच्या हातात सावळीचा हात दिला आणि ट्रंक उचलली. सुंदरा लगबगीनं ट्रंकेची दुसरी कडी धरायला वाकली.

"तू ऱ्हा," चंद्रकला म्हणाली. "तू ह्यांची हायस."

सुंदराचा हात कडीवर तसाच राहिला. मग सुटला.

बाजारापर्यंत मागून पावलं येत होती. चंद्रकलेला ऐकू येत होतं. एकदा नुसती मान वळवली असती तरी पोर धावत येऊन पायाला मिठी मारती, आणि कदाचित सगळं निभावलंही असतं. मान वळली नाही. आईचं मन लोण्याचं असतं म्हणतात. त्या दिवशी तिचं नव्हतं, आणि त्याची लाजही तिला तेव्हाच वाटत होती.

ओळखीच्या दामूनं गाडीत जागा करून दिली. गाडी चालू लागली. धुळीत सुंदरा उभी होती, परकराचं टोक मुठीत धरून. सावळीनं मागं वळून बघितलं आणि आईला विचारलं, ताई का नाय येत?

"तिला घरी काम हाय," चंद्रकला म्हणाली. "दोन दिसांनी येनार हाय ती."

सावळीला ते पटलं. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून निजली, आणि चंद्रकला तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.