दगडालेच विचारा

मी एक जुना पाटा आहे, मित्रांनो. कुडवा गावात सेवकरामजींच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभा असतो. फार पूर्वी जमिनीतून लाव्हा वर आला आणि थंड झाला, त्यातला मी एक दगड. दरेकसाच्या टेकडीवरून त्यांच्या बायकोच्या, निर्मलाबाईंच्या वडिलांनी मला आणलं, घडवलं आणि लेकीला लग्नात दिलं.

सेवकरामजींना हे कधी पटलं नाही. चटणीत कचकच लागली की ते म्हणत, “बाजारातला पाटा देल्लन तुह्या बापानं.”

“माह्या बापानं डोंगरातून आणला. दगडालेच विचारा!”

“दगड बोलते का कधी?”

ते हसायचे. निर्मलाबाई हसायच्या नाहीत. वरवंटा जरा जोरात फिरवायच्या. मला सगळं माहीत होतं, पण सांगणार कसं?

गेल्या पावसाळ्यात निर्मलाबाई वारल्या. त्यानंतर झिजलेल्या पाट्यांना छिन्नीनं ठोकून पुन्हा खरखरीत करणारी, टाकी लावणारी बाई दारात आली, तर सेवकरामजींनी तिला परत पाठवलं. माझा मधला खोलगट भाग निर्मलाबाईंच्या हातानं झिजला आहे. तो त्यांना तसाच हवा होता.

त्यांची मुलगी दामिनी नागपूरला दगडांचा अभ्यास करते. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, “बाबा, पाट्याचा तुकडा द्या. आईचं खरं होतं का पाहू.”

“काऊन? तिची एवढीच वस्तू उरली, तीही फोडून टाकतेस?”

“मागच्या कोपऱ्याची कपची पुरते. नखाएवढी.”

सेवकरामजी भिंतीपाशी आले. मग त्यांनीच मला उचलून गोधडीवर पालथं ठेवलं. “समोरून हात नोको लावू.”

प्रयोगशाळेत माझी कपची घासून आरशासारखी केली, वर कार्बनचा पातळ थर दिला. इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब नावाच्या यंत्रात हवा काढून घेतात आणि एकेका बारीक कणावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडतात. कणातून क्ष-किरण निघतात. त्यावरून सिलिकॉन किती, पोटॅशियम किती, लोह किती, ते कळतं. दामिनीनं दरेकसाच्या त्याच टेकडीचा दगड आणि बाजारातल्या पाट्यांच्या कपच्याही तपासल्या.

नंतर ती घरी आली. “शंभर टक्के कोणी सांगू शकत नाही, बाबा. पण आजोबांच्या टेकडीशी जुळलं. बाजारातल्या एकाही पाट्याशी नाही.”

सेवकरामजी माझ्यासमोर खाली बसले. “बोलला ना दगड,” म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “आता कोणाले सांगू?”

त्या दुपारी त्यांनी मला धुऊन आडवं केलं आणि स्वतः मिरची-लसूण वाटली. बरेच दिवस पडून होतो, चटणीत कचकच आली. त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा. पण त्या वस्तूची गोष्ट सांगणारं माणूस घरात आहे तोवर त्याचं ऐकून घ्या. मला बोलायला यंत्र लागलं. निर्मलाबाई तर रोज सांगत होत्या.